मिशीवरचं प्लास्टर

आमच्या लॅबमध्ये नवा माणूस आला की हमखास विचारायचा, "बप्पांच्या मिशीला ते पांढरं काय लागलंय हो?" मी सांगायची, "प्लास्टर." मग पुढचा प्रश्न ठरलेला, "पुसत का नाहीत?" त्याचं उत्तर मी देत नसे. बप्पा हसतील तेव्हा कळेल, एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची.

अंकुशबप्पा मूळचे नांदूरघाटचे. बीडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांची दातांची लॅब. लोकांना वाटतं दात डॉक्टर करतात. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, त्या मापात प्लास्टर ओतून जबडा आम्ही करतो, त्यावर दात आम्ही घडवतो, आणि मग तो डॉक्टरकडे बसवायला जातो. हे कुणाला माहीत नसलं तर बप्पांचा पारा चढायचा. "डॉक्टर दात करतेत? डॉक्टर दात बसवतेत! सदरा घालणाऱ्यानं शिवला म्हनता का कधी?" समोरचा बिचारा नुसता पत्ता विचारायला आलेला असायचा.

नम्रपणा हा प्रकार बप्पांकडे नव्हताच. मिशीला कलप, पायात करकरीत चप्पल, आणि तोंडात स्वतःची स्तुती. रस्त्यानं चालता चालता कुणी हसलं की मला कोपरानं डिवचायचे. "तो खालचा दात बघ. माझा. कुनी वळखून दाखवावं." आणि खरं सांगते, ओळखू यायचा नाही. हाताला देव होता त्यांच्या, त्यात वाद नाही. पण देव असला म्हणून माणसानं रोज आरती करून घ्यावी का?

आणि एवढ्या बीडभर दात वाटणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या तोंडात भगदाड. वरचा डावा सुळा तरुणपणी कबड्डीत गेला तो गेलाच. हसू आलं की हात तोंडावर जायचा, हात कायम प्लास्टरनं भरलेला, मग काळीभोर मिशी पांढरी. दिवसातून कितीदा तरी. मी कामाला लागले त्याच आठवड्यात तोंडावर विचारलं, "बप्पा, तुमचा दात कावून नाही केला तुम्ही?"

"माझा दात करनारा अजून जन्माला यायचाय."

"मग स्वतः करा की."

"सोताचं माप सोता घेता येतंय का, पाटोदेकरीण?"

मी पाटोद्याची, म्हणून पाटोदेकरीण. माझं नाव त्यांनी कधी घेतलं असेल तर मला आठवत नाही. मुलाखतीत विचारलेलं, "कॉम्प्युटर येतो. आजून काय येतंय?" मी म्हटलं, "भांडता येतं." म्हणाले, "मग ये उद्यापासून. हितं लई उपेगी पडतंय."

पडलंच. कारण बप्पांचं निम्मं आयुष्य डॉक्टरांशी भांडण्यात गेलं. दात नीट बसला तर बप्पांचा हात, आणि बसला नाही तर, "माप खराब हाय." या तीन शब्दांनी बीडमधले सगळे दातांचे दवाखाने हैराण होते. फोनवर सांगून भागायचं नाही. बप्पा ते माप रुमालात गुंडाळून स्कूटरवरून दवाखान्यात न्यायचे, पेशंट बसलेले असताना टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "डॉक्टर, हितं बघा, ही कडा कुठं गेली? उंदरानं खाल्ली?" एका डॉक्टरांनी स्कूटरचा आवाज आला की मागच्या दारानं चहाला जायची सवयच लावून घेतली होती. बप्पांना ते कळलं. त्या दिवसापासून ते स्कूटर कोपऱ्यावर लावून चालत जायला लागले.

पण एक होतं. दात करायला घ्यायच्या आधी डॉक्टरला एक प्रश्न नेमानं विचारायचे, "पेशंट खातो काय?" नुसती पोळी-भाजी खाणाऱ्याचा दात वेगळा, आणि ज्वारीची कडक भाकरी दाताखाली मोडून वर ऊस सोलणाऱ्याचा वेगळा. "दात म्हंजी खायाला," हे त्यांचं सगळं शास्त्र. बाकी दिसणं-बिसणं नंतर. फक्त दिसण्यातली एक गोष्ट त्यांना अजिबात खपायची नाही, ती म्हणजे फट. दोन दातांमध्ये दोरा घालून ओढायचे. दोरा अडकत अडकत निघाला पाहिजे. सहज निघाला की दात परत भट्टीत. "आपल्या लॅबमधून फट जात न्हाई," असं ते पाटी लावल्यासारखं सांगायचे.

मग इम्प्लांटचे दिवस आले. हाडात स्क्रू बसवायचा आणि त्यावर दात. पण स्क्रू आणि दात यांच्यामध्ये एक तुकडा लागतो, हिरडीतून वर येणारा. त्याला अबटमेंट म्हणतात. बप्पांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव खुंटा ठेवलं, जात्याला असतो तसा. तयार खुंटे बाजारात मिळायचे, एका मापाचे. बप्पा ते घासून घासून बसवायचे आणि शिव्या द्यायचे. प्रत्येकाच्या हिरडीप्रमाणे वेगळा खुंटा करायचा तर मशीन पाहिजे, आणि ते मशीन घ्यायचं तर अख्खी गल्ली विकायला लागली असती. म्हणजे काम बाहेर द्यायचं. आयुष्यात ज्यानं मेणाचा गोळासुद्धा दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता, त्यानं दाताचा पायाच परक्या गावाला करायला पाठवायचा! बप्पा आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

असे खुंटे करून देणारं पहिलं सेंटर मोठ्या शहरातलं होतं. इथून मी जबडा स्कॅन करून फाइल पाठवली, तिकडून कुरियरनं खुंटा आला. बप्पांनी तो जबड्यावर बसवला, वर अंगठा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "डुगडुगतंय." मला काही दिसेना. भिंगातून पाहिलं तर खरंच एका बाजूला केसाएवढी जागा. त्यांनी फोन लावला. पलीकडचा साहेब फार गोड बोलत होता. म्हणाला, आमचं मशीन चुकत नाही. बप्पा म्हणाले, "मशीन चुकत न्हाई तर मग तुमाला कशाला ठिवलंय तिथं?" आणि फोन ठेवला. त्या सेंटरचा आणि आमचा संबंध तिथं संपला.

दुसरं सेंटर हैदराबादचं. तिथं खुंट्याचं चित्र कॉम्प्युटरवर काढणारी मुलगी होती रेश्मा. पहिल्या फोनला ती शुद्ध हिंदीत "सर, सर" करत होती. बप्पांचं हिंदी म्हणजे गल्लीतलं. म्हणाले, "वो सर-बिर नक्को, बप्पा बोल. खुंटा ऐसा टेढा कायकू कऱ्या?" पलीकडे ती खळखळून हसली. "आप हैदराबाद के हैं क्या, बप्पा?"

"नै माँ, बीड का. पन निजाम एकच था ना अपना!"

जमलं. एकमेकांचं तोंड न बघता जमलं. महिन्याभरात रेश्मा फाइल मिळाली की आधी विचारायची, "बप्पा, पेशंट खाता क्या?" भाकरी म्हणजे काय हेसुद्धा तिला नीट कळलं.

ती चित्र पाठवायची, ते मी पडद्यावर उघडायची आणि बप्पा माझ्या मागं उभे राहायचे. "फिरव. उलटं कर. आता खालून दाव." मध्येच पडद्याला बोट लावायचे. काचेवर रोज प्लास्टरचे ठसे, ते रोज मी पुसायची आणि रोज भांडायची. सगळं पाहून झालं की खाली मंजुरीचं बटण असतं. ते दाबलं की तिकडे मशीन चालू होतं, मग माघार नाही. ते बटण मला दाबायची परवानगी नव्हती. मी खुर्चीवरून उठायचं, बप्पा बसणार, माउस सुरवंट धरल्यासारखा चिमटीत धरणार, आणि दाबणार. "बाकी समदं तुझं. मंजुरी माझी."

आता सोपानमामांचं सांगते. हे बीडजवळच्या कपिलधारच्या बाजूला मेंढरं चारणारे धनगर. एडक्यानं टक्कर दिली आणि वरचा पुढचा दात मुळासकट गेला. आमच्याकडे काम पाठवणाऱ्या एका डॉक्टर मॅडमनी स्क्रू बसवला, जखम भरली, माप आमच्याकडे आलं. बप्पांनी फोनवर विचारलं, "खातो काय?" मॅडमनी मामांना विचारून सांगितलं, भाकरी, ऊस, हरभरा, सगळं. "लिव्ह, पाटोदेकरीण. भक्कम पायजे."

फाइल गेली. संध्याकाळी रेश्माचा फोन. "बप्पा, वो धनगर मामा के दाँतां में पहले से फट थी क्या? जगा ज्यादा है. पूरा बंद करी तो दाँत जोडी के दाँत से चौडा होरा."

"फट-बिट नक्को. बंद कर. हमारी लॅब से फट जाती नै."

"एक बार पूच लेते तो अच्छा था, बप्पा."

"तू पैदा नै हुई थी तब से दात बनारौं मैं. मेरेकू पूछना पडता?"

तिनं खुंटा त्या बाजूला फुगवून केला, बप्पांनी मंजुरी दिली, वर दात चढवला. दात असा झाला की काय सांगू! पुढच्या दाताचं काम, म्हणून बप्पा स्वतः दवाखान्यात आले, मीही होते. मॅडमनी बसवला. दोरा अडकत अडकत निघाला. बप्पांची मान ताठ. मामांनी आरसा घेतला, पाहिलं, ओठ पुढं काढले आणि फुंकलं.

फुस्स.

पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स.

"काय करताय मामा?" मॅडमनी विचारलं.

"शीळ घालतोय बाई. निघंना."

बप्पा म्हणाले, "नवा दात हाय. व्हईल सवय." बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "माप खराब हुतं." मी काय ऐकून घेणारी आहे का? म्हटलं, "माप चांगलं होतं. रेश्मानं विचारलं होतं, तुम्ही ऐकलं नाही." त्या दुपारी लॅबमध्ये सगळ्यांना चहा आला. मला आला नाही.

काही दिवसांनी सोपानमामा लॅबच्या दारात. काठी दाराला टेकवली, आत आले आणि उभेच राहिले. "मालक, ह्यो दात काढून घ्या."

"कावून बे? दुखतोय?"

"दुखत न्हाई. लई बेस हाय दात. परवा रस्ता वलांडताना कोकरू टरकाखाली गेलं." मामा म्हणाले, "माजी शीळ आली की मेंढरं जिथल्या तिथं थांबत्यात. म्या घातली. नुस्ता वारा निघाला. बाकीची कुत्र्यानं आडिवली. ते बारकं हुतं, फुडं गेलं."

मी मध्येच तोंड घातलं. "मामा, बोटं घालून वाजवायची ना."

"एका हातात काठी आस्ती, दुसऱ्यात कुनाचंतरी पिल्लू. बोटं कुटून आनू, बाई?"

मामा सांगत होते, समोरच्या दोन दातांत त्यांना पोरपणापासून फट होती. शीळ तिथूनच यायची. "एडक्यानं दात पाडला तवाच शीळ गेली. म्हनून तर दात कराया आलतो. न्हाईतर या वयात त्वांड कुनाला दावायचंय?"

"मग आधी कावून सांगितलं न्हाईस?" बप्पांचा आवाज चढला.

"तुमी इचारलं का? खातो काय म्हनून इचारलं. ते म्या सांगितलं."

मी बप्पांकडे बघत होते. आता येणार, म्हटलं, माप खराब. नाही आलं. बप्पा स्टुलावर बसले, हातातल्या जबड्याकडे बघत राहिले. सबंध हयातीत दातांनी माणूस खातो एवढंच त्यांनी विचारलं होतं. मग उठले, चप्पल घातली. "उद्या मेंढरं कुठं असतील तुझी?"

दात नुसता घासून भागणार नव्हतं. फट पाडायला वरची टोपी घासली असती तर आतला फुगवलेला खुंटाच उघडा पडला असता. म्हणजे खुंट्यापासून सगळं नव्यानं. आणि फट किती ठेवायची? जुना दात तर गेला. बप्पा म्हणाले, "शीळ सांगंल." मी म्हटलं, दवाखान्यातच करू की. तर म्हणे, "दवाखान्यात वाजली तर ती त्याला पटंल. मेंढरांला पटली पायजे. ह्या खेपेला मंजुरी मेंढरं देनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात मॅडमनी मामांचा आम्ही केलेला दात काढून तात्पुरता प्लास्टिकचा बसवला. तिथून आम्ही सगळे माळावर. मॅडम डोक्याला ओढणी बांधून, हातात दाताचा स्क्रू फिरवायची चिमुकली किल्ली घेऊन दगडावर बसलेल्या. असा दवाखाना मी तरी दुसरा बघितला नाही. मॅडम दात काढून देणार, बप्पा कानशीनं आतली कड हलकेच घासणार, मॅडम पुन्हा बसवणार, मामा फुंकणार. फुस्स. पुन्हा काढ, पुन्हा घास. मेंढरं आपली चरताहेत. एकीनं मान वर केली तर शपथ. ज्या माणसानं जन्मभर फटी बुजवल्या, तो उन्हात बसून फट पाडत होता. मध्येच त्यांचा हात थांबायचा. मला वाटायचं, आता म्हणतील बास. पण पुन्हा घासायचे.

मग एकदा आवाज निघाला, घोगरा. कुत्र्यानं कान टवकारले. बप्पांनी अजून एक हलका हात फिरवला. मामांनी दात बसवून घेतला, जीभ मागं लावली, आणि अशी शीळ आली की मी दोन्ही कानांवर हात ठेवले. माळ एकदम थांबला. गळ्यात घंटी असलेली म्हातारी मेंढी मान वर करून बघत होती. मग ती निघाली मामांकडे, आणि तिच्या मागं सगळी.

"बास," बप्पा म्हणाले. "आता कुनी हात लावायचा न्हाई त्याला."

तिथूनच त्यांनी हैदराबादला फोन लावला, मी ऐकत होते. खुंटा पुन्हा करायचा, या तात्पुरत्या दाताचं स्कॅन पाठवतो, फट आहे तेवढीच ठेव. रेश्मा म्हणाली, "हौ, बप्पा. फिर से बनाने का कारण क्या लिखूं? डॉक्टर का माप खराब, हमेशा का?"

बप्पांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम आभाळाकडे बघायला लागल्या.

"नै. माप अच्छा था. लिख, बप्पा की अकड."

"ऐसा लिखने कू जगा नै है इधर, बप्पा."

"तो जगा बना. आन सुन माँ, तू पूछी थी. मैं सुना नै."

रेश्मा काहीतरी हळू बोलली, मला ऐकू आलं नाही. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू. एवढ्या वर्षांत त्या माणसानं चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती, आणि आता ऐकली ती माळावर, मेंढरांदेखत.

नवा खुंटा आला. अंगठ्याखाली डुगडुगला नाही. वर दात चढला, फटीसकट. बप्पांनी सवयीनं दोरा काढला, हसले आणि परत खिशात घातला. दात बसल्यावर मामा म्हणाले, "आता रस्त्याव चला."

रस्त्याच्या कडेला आम्ही उभे. पलीकडचा चारा बघून मेंढरं पुढं सरकत होती, आणि तिकडून ट्रक येताना दिसत होता. बप्पांनी फोन लावला आणि हात उंच करून धरला, रेश्माला ऐकू जावं म्हणून. मामांच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिल्लू. त्यांनी आखूड शीळ दिली. सगळा कळप डांबराच्या काठावर थांबला. पुढचं एक कोकरू पाय उचलून तसंच उभं राहिलं. ट्रक धूळ उडवत गेला. मग लांब शीळ आली, आणि मेंढरं रस्ता ओलांडून पलीकडे गेली, सगळीच्या सगळी.

फोनमधून रेश्मा ओरडत होती, "आवाज आया, बप्पा! आया!" आणि बप्पा हसले. एक हात फोन धरून वर, तेव्हा झाकायला उशीर झाला. दुसरा हात निघाला होता तोंडाकडे, तो छातीपाशीच राहिला. सुळ्याचं भगदाड मी पहिल्यांदा एवढं उन्हात पाहिलं.

फोन खाली घेऊन म्हणाले, "रेश्मा, और एक केस है. पेशंट का नाव अंकुश."

तिनं विचारलं, "पेशंट खाता क्या?"

"सब."

"और करता क्या?"

बप्पांनी पलीकडे गेलेल्या मेंढरांकडे पाहिलं. "लिख, हसना है उसकू." आणि फोन माझ्या हातात दिला. "पुढचं तूच बोल तिच्याशी. त्या केसची मंजुरी पाटोदेकरीण देनार."

मॅडमनी बप्पांना स्क्रू बसवला, जखम भरली, माप घेतलं, रेश्माचं चित्र आलं, आणि मंजुरी मी दिली. त्याआधी चित्र फिरवून, उलटं करून, खालून, सगळीकडून पाहिलं. बप्पा मागं उभे होते, पण एक शब्द बोलले नाहीत, आणि काचेला बोटही लावलं नाही. खुंटा आला, त्यावरचा दात मीच घडवला. मॅडमनी तो बसवला तेव्हा दोरा मी ओढला. अडकत अडकत निघाला.

आता बप्पा नांदूरघाटला असतात, लॅब मी बघते. हैदराबादला फाइल गेली की रेश्मा दोन प्रश्न विचारते, खाता क्या आणि करता क्या. बप्पा गावी जायला निघाले त्या दिवशी मी त्यांना जीपपर्यंत सोडायला गेले होते. म्हटलं, "बप्पा, कुणी विचारलं दात कुणी केला तर नाव सांगा माझं." "सांगतो की. म्हनीन, जन्माला आलीय एक, लई भांडती," असं म्हणून ते मोठ्यांदा हसले. जीप हलली तरी हसतच होते. दोन्ही हात पिशव्यांनी भरलेले होते. मिशी काळीभोर, तिच्यावर कुठंही पांढरं नव्हतं.